निवडणाऱ्या तिघांतली कृष्णाक्का

माझा स्वभाव तापट आहे, हे इथं कानडी मुलखात, शिवाजीनगरच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. फत्तेसिंग कटरची कात्री चांगली, तोंड वाईट, असं लोक सांगतील. खोटं नाही. तेव्हा कृष्णाक्काबद्दल खरं म्हणजे एखाद्या मऊ बोलणाऱ्यानं सांगायला हवं होतं. पण मऊ बोलणाऱ्यांना यातलं सगळं ठाऊक नाही, आणि मला जे ठाऊक आहे ते सगळं मी आजवर सलग कुणाला सांगितलेलं नाही.

कृष्णाबाई काज-बटणाचं काम करायची. आम्ही शिंपी शर्ट शिवून मोकळे होतो. काजं करायची, बटणं लावायची ती घरोघरच्या बायकांनी. तिचे यजमान कॅन्टोन्मेंटातल्या साहेबांचे कोट शिवायचे. सत्तेचाळीस साली साहेब गेले आणि त्याच वर्षी यजमानही गेले. मूलबाळ नव्हतं. दिरानं येलहंक्याला ये म्हटलं, ही गेली नाही. यजमानांच्या ओळखीच्या दुकानांतून शर्ट आणायला लागली, आधी स्वतःपुरते, मग शेजारणींनाही. होता होता तिच्यामागे एकवीस बायका झाल्या. सकाळी खाकी पिशवी घेऊन निघायची, दुकानादुकानांतून शर्ट गोळा करायची, बायकांना वाटायची. शुक्रवारी बसनं मल्लेश्वरम. दुकानात कधी बसायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि आपण घाई केली तर म्हणायची, "स्वल्प थांबा अण्णा, मोजून घेते." तिच्या काजाची कड बोट फिरवलं तरी हाताला लागायची नाही. असलं काज मी पुन्हा बघितलं नाही.

आता संघाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकोणपन्नास साली आम्ही शिंप्यांनी सहकारी संघ काढला. कापड, दोरा सगळ्यांनी मिळून आणायचा, गणवेशांची मोठी ऑर्डर आली की सगळ्यांत वाटायची, एवढीच कल्पना. काजवाल्या बायकाही सभासद झाल्या. सभासद म्हणजे मालक, मग तो कोट शिवो की बटण लावो. कारभार बघायला सात जणांचं बोर्ड. मुदत तीन वर्षांची, म्हणून दर वर्षी त्यातले दोघे-तिघे उतरायचे, त्यांच्या जागी नवे यायचे. पहिल्याच निवडणुकीला एका बहाद्दरानं उठून स्वतःचंच नाव पुकारलं आणि मेव्हण्याकडून सभेत जिलेबी वाटली. जिलेबी सगळ्यांनी खाल्ली, मत कुणी दिलं नाही, पण भांडण असं जुंपलं की दोन सख्खे साडू पुढं वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत.

तेव्हापासून नियम केले. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही. जूनच्या सभेनं तीन माणसं नेमायची. त्या तिघांनी महिनाभर फिरून प्रत्येक सभासदाला, तो काम करत असेल तिथं जाऊन, विचारायचं: यंदा बोर्डावर कोण हवं? जास्त लोकांनी घेतलेली नावं गणपतीनंतरच्या सभेपुढं ठेवायची आणि हात वर करून ठरवायचं. आणि त्या तिघांतल्या कुणीही त्या वर्षी उभं राहायचं नाही. निवडणाऱ्यानंच स्वतःला निवडलं तर जिलेबी परवडली!

त्रेपन्न सालच्या सभेत मी उठलो आणि म्हणालो, "तिघांत एक कृष्णाक्का हव्यात. प्रत्येक दुकानाचा उंबरा त्यांना माहीत आहे." टाळ्या पडल्या. बायका मागच्या भिंतीला बसायच्या, तिथून ती उठली आणि आमच्या रीतीप्रमाणे दोनदा "नको, नको" म्हणाली. आमच्याकडे मानाची गोष्ट लगेच घेत नाहीत. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालायची. तिनं घातली. पुढच्या वर्षीही मीच उठलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. आठ वर्षं हा माझा नेमच झाला. मानाचं पान आपण अक्काला देतो, म्हणून मी खूश, सभा खूश. तिनं आणलेली नावं कधी फुकट गेली नाहीत. छप्पन्न साली माझंही नाव तिनंच आणलं. दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, लोक तुमचं नाव घेताहेत. बोर्डावर ओरडणं मात्र थोडं कमी करा." केलं नाही, ते सोडा.

उलट बोर्डावर गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी जास्तच ओरडलो. आमचे अध्यक्ष प्रतापराव, मल्लेश्वरमला त्यांचं मोठं दुकान होतं. त्यांनी काज करणारं मशीन आणायचा विषय काढला. मी टेबलावर हात आपटला. "एकवीस बायकांच्या पोटावर पाय देणार? कृष्णाक्काला काय तोंड दाखवणार?" विषय पुढं ढकलला. अठ्ठावन्नला पुन्हा निघाला, एकोणसाठला निघाला, साठला निघाला. दर वेळी मी हात आपटला आणि दर वेळी तो बारगळला. घरी आलो की मी बायकोला सांगायचो, आज पुन्हा वाचवलं बघ त्या बायकांना. ती म्हणायची, "होय का? त्या काय म्हणाल्या?" मी म्हणायचो, त्यांना कळवायचं कशाला, उगाच जिवाला घोर.

एकसष्ट सालची जूनची सभा. मी नेहमीप्रमाणे उठलो, नाव घेतलं, टाळ्या पडल्या. कृष्णाक्का उठली. "नको," म्हणाली. आम्ही हसलो. "नको," पुन्हा. आता मान खाली घालणार म्हणून प्रतापरावांनी लिहायला पेनसुद्धा उघडलं. तिनं मान वर ठेवली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "यंदा खरंच नको, अण्णा. दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

माझ्या अंगाचा तर तिळपापड झाला. अरे, आठ वर्षं आपण उभं राहून मान द्यायचा आणि तो भर सभेत परत करायचा? मी म्हणालो, "का? कंटाळा आला?" ती म्हणाली, "असं समजा." प्रतापरावांना वाद नको होता. ते मला म्हणाले, "मग फत्तेसिंग, तुम्हीच जा ना यंदा. तुमची दुसरी मुदत अजून वर्षभर आहे, उभं राहायचा प्रश्न नाही." मी म्हणालो, जातो. त्यात काय मोठंसं? दोन पायांवर चालायचं आणि एक प्रश्न विचारायचा. माझ्याबरोबर पिराजीला नेमलं. हा निपाणीकडचा, दहा वर्षांपूर्वी इथं आलेला, पँटचा कारागीर, तोंडानं सरळ. तिसरे एक म्हातारे होते, त्यांच्या गुडघ्यांमुळं त्यांना गल्लीतलीच दुकानं दिली.

पहिल्या दिवशी पहिल्या दुकानात मी विचारलं, "यंदा बोर्डावर कोण हवं?" तो शिंपी शिलाई न थांबवता म्हणाला, "कृष्णाक्का." दुसऱ्या दुकानात, "कृष्णाक्का." तिसऱ्यात एक नाव आलं ते त्याच्या भावाचं, चौथ्यात पुन्हा कृष्णाक्का. मला आधी वाटलं, बाईनं आधीच फिरून सांगून ठेवलंय की काय! तसं मी पाचव्या दुकानात बोलूनही दाखवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो माणूस मशीनवरून उठला आणि म्हणाला, "अण्णा, शोभतं का हे तुम्हाला? मी चौपन्नपासून हेच नाव सांगतोय. दर वर्षी अक्का दारात उभी राहून म्हणते, मी तिघांत आहे, माझं नाव चालत नाही, दुसरं सांगा. मग मी दुसरं सांगतो."

बाहेर आल्यावर मी पिराजीकडे बघितलं. तो दोन वर्षांपूर्वीही तिघांत होता. "तुला माहीत होतं?"

"होय की."

"मग बोलला का नाहीस?"

"नियमात बसत नव्हतं, अण्णा. तिघांतल्याचं नाव लिहायचं नाही. आणि तिघांत तिला तुम्हीच घालत होता दर साली. मला वाटलं, तिनं बोर्डावर येऊ नये म्हणूनच घालता. लई जणांना तसंच वाटतंय."

मला राग आला की मी ओरडतो. त्या दिवशी ओरडता आलं नाही. मल्लेश्वरमची चार दुकानं राहिली होती, ती तशीच सोडून मी घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो, आणि त्याचंही वाईट वाटलं.

काजवाल्या बायका शेवटी होत्या. त्यांच्या घरी मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. काम त्यांचं, पण जाणं-येणं कृष्णाक्काचं. पद्मावतीबाई म्हणून एक होत्या, वयानं कृष्णाक्काएवढ्याच, पन्नाशी उलटलेल्या. खिडकीशी बसल्या होत्या. शेजारी उशी आणि उशीवर ओवलेल्या सुया एका रांगेत टोचलेल्या. मी मनात म्हटलं, काय टापटीप आहे बाईची! त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाल्या, "कृष्णा. दुसरं कोण? लिहून घ्या आणि या वेळी खोडू नका."

"मी कधी खोडलं, पद्मक्का?"

"तुम्ही नाही, तिनंच खोडलं. स्वतःच्या हातानं, आठ वेळा."

तिथून मी उठलो तो सरळ कृष्णाक्काकडे गेलो. ती दारातच शर्ट मोजत होती. मला बघून उठली, आत बसा म्हणाली. मी बसलो नाही. म्हणालो, "अक्का, मी चुकलो."

"काय झालं?"

"सगळी नावं तुमचीच येताहेत. दर वर्षी येत होती. आणि मी मूर्ख दर वर्षी उठून तुमच्या वाटेत उभा राहत होतो."

तिनं हातातला शर्ट घडी करून ठेवला. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी मला फार आनंद झाला होता, अण्णा. हे गेल्यापासून चारचौघांत माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या आनंदात काही सुचलंच नाही. दुसऱ्या वर्षी फिरले तेव्हा कळलं."

"मग सांगायचं ना! माझ्या तोंडावर सांगायचं!"

"काय सांगू? माझं नाव सोडा म्हणजे मला उभं राहता येईल, असं? स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"आमचाच."

"मग? मी वाट बघत होते, तुमच्यातलं कुणीतरी विचारेल, अक्का, दर वर्षी तुम्हीच का? कुणी विचारलं नाही."

"आणि यंदाच नको का म्हणालात?"

"बोर्डापुढं काजाचं बोलायचं आहे. आता आणखी थांबून चालणार नाही."

मी लगेच छाती पुढं काढली. "मशीन ना? मी आहे तोवर येऊ देत नाही. चार वर्षं अडवून धरलंय, माहीत आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलली नाही. "सरी, बरं," म्हणाली, "बसा आता, कॉफी घेऊन जा." कॉफी चांगली होती. मी वाचलोच असं वाटून घरी आलो.

गणपतीनंतरची सभा. जागा दोन, आम्ही नावं ठेवली तीन. आजवर सभेत एकटी कृष्णाक्का आणि फार तर दोघी-तिघी यायच्या. त्या दिवशी एकवीसच्या एकवीस आल्या आणि भिंत सोडून पुढं बसल्या. पद्मावतीबाईंना सुनेनं हाताला धरून आणलं. कृष्णाक्काचं नाव मी पुकारलं. तिनं रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मान खाली घातली. हात मोजायला दोघे उभे राहिले होते, त्यातला एक मध्येच मोजायचं सोडून खाली बसला आणि म्हणाला, वर नसलेलेच हात मोजा, लवकर होईल. माझे डोळे भरून आले. लाज कशाची? आले, तर आले.

मग बोर्डाची पहिली बैठक. खोली तीच, टेबल तेच. सातव्या खुर्चीवर कृष्णाक्का बसली. इतक्या वर्षांत मी तिला खुर्चीवर बसलेली पहिल्यांदा बघत होतो. बाकीचे विषय झाले. प्रतापराव कागद उलटत म्हणाले, "काज मशीन. दर वर्षीप्रमाणे पुढं ढकलायचं ना, फत्तेसिंग?"

"अर्थात! आता तर अक्काच बसल्यात इथं."

कृष्णाक्का म्हणाली, "मशीन आणा."

मला वाटलं, मी ऐकण्यात काहीतरी घोटाळा केला. प्रतापरावांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "अक्का, काज करणारं मशीन म्हणतोय आम्ही."

"तेच आणा. फत्तेसिंगअण्णा पद्मावतीकडे गेले होते. उशीवरच्या सुया बघितल्या ना, अण्णा?"

"बघितल्या."

"त्या तिची सून ओवते. टेलिफोनच्या कारखान्यात कामाला आहे ती. पहाटे उठून पंधरा सुया ओवते, उशीला टोचते आणि मग बस पकडते. पद्मावतीला सुईचं भोक दिसत नाही. काज ती बोटानं चाचपून करते. पंधरा सुया संपल्या की सून येईपर्यंत हात जोडून बसते. एकवीसपैकी नऊ जणींचं कमी-जास्त असंच आहे. मी स्वतः दोन वर्षं अंदाजानं करते. खाकीवर खाकी दोरा, दिवसाला चाळीस काजं, बारा-पंधरा वर्षं. डोळे कुठून राहणार?"

ती पुढं म्हणाली, "मशीनवर आमच्यातल्याच बायका बसतील. ज्यांची नजर चांगली आहे त्या चौघी शिकतील. बाकीच्या बटणं लावतील, नजर गेलेल्या घड्या घालतील, गठ्ठे बांधतील. एकीलाही घरी बसवायचं नाही. हे लिहून घ्या, आणि मग हात वर करा."

प्रतापरावांचा आवाज पडला होता. "चार वर्षं आम्ही तुमच्यासाठीच अडवलं हो, अक्का."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चांगल्या मनानं अडवलंत. आम्हाला विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

सातही हात वर गेले. माझा सगळ्यांत शेवटी गेला. विरोध नव्हता, हात जड झाला होता.

मशीन संक्रांतीच्या सुमाराला आलं, संघाच्या खोलीत बसवलं. चौघी शिकल्या, महिन्याभरात हात बसला. कृष्णाक्का दोन वेळा, सहा वर्षं बोर्डावर होती आणि एकदाही आवाज न चढवता तिनं ठरलेलं करून घेतलं. काजवाल्यांतली एकही घरी बसली नाही. नंतर दुसऱ्या दोघी बोर्डावर आल्या. संघात आजही तिघे नेमताना आधी त्यांना विचारतात, तुम्हाला स्वतःला उभं राहायचं आहे का? हा प्रश्न तिनं नियमात घालून घेतला. लोकांना वाटतं, संघाची गोष्ट इथं नीट संपते. कृष्णाक्काची संपते. माझी नाही.

मशीन सुरू झालं त्या आठवड्यात पद्मावतीबाईंना सून घेऊन आली. तोवर त्यांना खिडकीचा उजेड तेवढा कळायचा. त्यांना मशीनपाशी बसवलं. चालू मशीनचा आवाज त्यांनी बराच वेळ ऐकला. मग एक शर्ट मागून घेतला आणि काजांवर एकेक करून बोट फिरवलं. "बरी आहेत," म्हणाल्या. "कोपरा जरा सैल आहे. पण बरी आहेत."

मी शेजारीच संघाच्या गणवेशांचं कापड कापत होतो. त्यांनी विचारलं, "कृष्णा म्हणते, हे सत्तावन्न सालीच येणार होतं. खरं का?"

"खरं," मी म्हणालो.

"सत्तावन्नला मला चांगलं दिसत होतं. सुया मीच ओवायची." त्यांनी शर्ट मांडीवर सरळ केला. "मी पण शिकले असते. कुणी अडवलं होतं हो?"

खोलीत चौघी-पाचजणी होत्या. कृष्णाक्काही होती, तिनं मान वर केली. माझ्याऐवजी ती काहीतरी बोलणार, काहीतरी सांभाळून घेणारं, हे मला कळलं. म्हणून मी तिच्या आधी घाईनं बोललो.

"मी, पद्मक्का," म्हणालो. "मी अडवलं."